संध्याकाळचे मद्यपान आणि झोपेच्या गमी, गोळ्या, चूर्णे: एकत्र घेतल्यास काय होते?

प्रश्नकर्त्यांचे वय 52 आहे. रोज रात्री साडेआठ ते दहाच्या दरम्यान व्हिस्कीचे दोन मोठे पेग, त्यानंतर जेवण आणि साडेदहाच्या सुमारास मेलाटोनिन 10 मिलिग्रॅम व अश्वगंधा असलेली एक गमी (झोपेसाठी चघळायची गोड, मऊ गोळी), असा त्यांचा गेल्या वर्षभराचा क्रम आहे. झोप पटकन लागते. मात्र अडीच-तीनला जाग येते, अंग घामाने भिजलेले असते आणि त्यानंतर पहाटेपर्यंत डोळ्याला डोळा लागत नाही. रक्तदाबासाठी ॲम्लोडिपिन, मधुमेहासाठी मेटफॉर्मिन आणि रात्रीच्या जेवणाआधी ग्लिमेपिराइड चालू आहे. अलीकडे घोरणे वाढले असल्याची पत्नीची तक्रार आहे. मद्य आणि गमी यांत तीन तासांचे अंतर ठेवल्यास चालेल का, आणि मित्राने सुचवल्याप्रमाणे गमीऐवजी अल्प्राझोलाम या गुंगी आणणाऱ्या औषधाची अर्धी गोळी घेतली तर अधिक बरे होईल का, असे दोन प्रश्न त्यांनी विचारले आहेत.

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो, कारण त्यात जिवाचा प्रश्न आहे: मद्य घेतलेल्या रात्री अल्प्राझोलाम घेऊ नये. अर्धी नको, पाव नको आणि काही तासांनी घेतलेलीही नको. पहिल्या प्रश्नाचे उत्तर असे की, मेलाटोनिन आणि दोन पेग यांच्या एकत्र येण्याने निरोगी प्रौढ माणसाच्या जिवावर बेतण्याचा संभव फारच कमी असला, तरी आपल्या बाबतीत त्या गमीचा उपयोग होत नाही. याला कारण गमीचा ब्रँड नव्हे. आपली झोप ज्या वेळी मोडते, ती वेळच मद्याने ठरवून दिलेली आहे. माझ्याकडे झोपेच्या तक्रारी घेऊन येणाऱ्या मध्यमवयीन पुरुषांमध्ये हाच नमुना इतक्या वेळा दिसतो की, «अडीचला जाग येते» हे वाक्य ऐकले की माझा पुढचा प्रश्न रात्रीच्या पेगचाच असतो.

हा हिशेब समजून घेणे आवश्यक आहे. आपल्याकडे मिळणाऱ्या बहुतेक व्हिस्कीत आकारमानाने 42.8 टक्के मद्यार्क असतो. म्हणजे 60 मिलिलिटरच्या एका मोठ्या पेगमध्ये साधारण 20 ग्रॅम शुद्ध मद्यार्क येतो आणि दोन पेगमध्ये 40 ग्रॅम. हे मापाने ओतलेल्या पेगचे झाले. घरी अंदाजाने ओतलेला पेग बहुधा 60 पेक्षा मोठाच असतो. स्ट्राँग बिअरची 650 मिलिलिटरची, आठ टक्क्यांची एक बाटलीही साधारण तेवढ्याच, 40 ग्रॅमच्या घरात जाते, त्यामुळे «मी फक्त बिअर घेतो» या वाक्यात फारसा दिलासा नाही. सरासरी प्रौढ माणसाचे यकृत तासाला सात-आठ ग्रॅम मद्यार्क हातावेगळा करते, आणि कॉफी, लिंबूपाणी किंवा गार पाण्याची अंघोळ यांनी तो वेग वाढत नाही. साडेआठला सुरुवात करून 40 ग्रॅम पोटात गेले, तर रक्तातील मद्यार्क जवळजवळ संपायला रात्रीचे दीड-दोन वाजतात. त्यानंतर अर्ध्या ते दीड तासात आपल्याला जाग येते, हा योगायोग नाही.

मद्य मेंदूतील गाबा या शांतता आणणाऱ्या रसायनाचा परिणाम वाढवते आणि ग्लुटामेट या उत्तेजक रसायनाचा परिणाम दाबते. म्हणूनच गुंगी येते, डोळा पटकन लागतो आणि रात्रीच्या पहिल्या भागात गाढ झोपही थोडी वाढते. परंतु याच काळात स्वप्नांची झोप, म्हणजे आरईएम झोप, दबून राहते. मद्यार्क उतरू लागला की दाबून ठेवलेले सगळे उसळून वर येते: मेंदूची उत्तेजना वाढते, नाडीचे ठोके वाढतात, घाम फुटतो, स्वप्ने तुटक आणि त्रासदायक पडतात, आणि झोप उथळ होऊन वारंवार मोडते. मूत्राचे प्रमाण कमी ठेवणारे व्हॅसोप्रेसिन हे संप्रेरक मद्यामुळे दबलेले असल्याने लघवीलाही उठावे लागते. त्यातच झोप लवकर लागण्याचा जो एक फायदा असतो, त्याची शरीराला काही रात्रींतच सवय होते आणि तेवढ्याच परिणामासाठी पेग मोठा होत जातो. रात्रीचा दुसरा अर्धा भाग मात्र बिघडलेलाच राहतो. झोप किती लवकर लागली यावरून मद्याची परीक्षा करणारा माणूस म्हणूनच वर्षानुवर्षे फसतो.

आता गमीकडे वळू. मेलाटोनिन हे संप्रेरक मेंदूतील पिनियल ग्रंथीतून अंधार पडल्यावर स्रवते. येल विद्यापीठातील ॲरन लर्नर यांनी 1958 मध्ये ते प्रथम वेगळे केले. त्याचे काम गुंगी आणण्याचे नाही. रात्र झाल्याची खबर शरीराला देणे एवढेच ते आहे. नेहमीच्या झोपेच्या वेळेआधी साधारण दोन तास ते रक्तात वाढू लागते. विमानप्रवासामुळे बिघडलेले शरीराचे घड्याळ जागेवर आणायला, किंवा ज्यांना पहाटे दोन-तीनपर्यंत झोपच येत नाही अशा तरुणांचे घड्याळ मागे ओढायला ते योग्य वेळी घेतल्यास खरोखर उपयोगी पडते. साध्या निद्रानाशात मात्र त्याचा परिणाम माफक आहे. अनेक चाचण्यांचे निष्कर्ष एकत्र करून 2013 मध्ये प्रसिद्ध झालेल्या विश्लेषणात, झोप लागण्याचा वेळ सरासरी सात मिनिटांनी कमी झाल्याचे दिसले. अमेरिकन ॲकॅडमी ऑफ स्लीप मेडिसिनने 2017 च्या मार्गदर्शक सूचनांमध्ये दीर्घकालीन निद्रानाशासाठी मेलाटोनिन, व्हॅलेरियन ही वनस्पती आणि डायफेनहायड्रामिन हे ॲलर्जीचे औषध यांपैकी कशाचीच शिफारस केलेली नाही.

तातडीने विरघळणाऱ्या मेलाटोनिनचे रक्तातील प्रमाण साधारण 40 ते 50 मिनिटांत निम्मे होते. साडेदहाला घेतलेली गमी अडीचच्या जागेला काय करणार? रात्रीच्या नैसर्गिक पातळीइतके मेलाटोनिन रक्तात येण्यासाठी एक मिलिग्रॅमहून कमी मात्राही पुरते. 10 मिलिग्रॅमने झोप दहापट होत नाही, सकाळचे जडपण आणि डोकेदुखी मात्र वाढू शकते. शिवाय संध्याकाळचे मध्यम मद्यपान शरीराच्या स्वतःच्या मेलाटोनिनची पातळी खाली आणते. तरुण प्रौढांवरील एका प्रयोगात ही घट 19 टक्क्यांपर्यंत मोजली गेली. म्हणजे जे संप्रेरक आपण दुकानातून विकत आणतो, तेच तयार होण्यात संध्याकाळचा पेग अडथळा आणत असतो. युरोपात 55 वर्षांवरील रुग्णांसाठी 2007 पासून मान्यता असलेल्या, सावकाश विरघळणाऱ्या 2 मिलिग्रॅमच्या गोळीच्या अधिकृत माहितीपत्रकातही मद्याने या औषधाचा झोपेवरील परिणाम कमी होतो, सबब दोन्ही एकत्र घेऊ नयेत, असे स्पष्ट म्हटले आहे.

अंतर ठेवण्याच्या कल्पनेतही याचमुळे फारसे तथ्य नाही. दहाला शेवटचा घोट घेऊन तीन तास थांबायचे म्हणजे रात्री एकला मेलाटोनिन घ्यायचे. त्या वेळी रक्तात थोडा मद्यार्क शिल्लक असेलच, आणि मेलाटोनिनची वेळही चुकेल, कारण रात्र झाल्याची खबर शरीराला देण्याची वेळ तोवर टळून गेलेली असते. उलट मेलाटोनिन योग्य वेळी, म्हणजे संध्याकाळी उशिरा घ्यायचे ठरवले, तर ते मद्याच्या वेळेतच येते. आपल्या सध्याच्या दिनक्रमात दोघांना एकमेकांपासून दूर ठेवता येईल अशी जागाच नाही.

दोन्ही एकत्र घेतल्याने प्रत्यक्ष धोका होतो तो तोल जाण्याचा. गुंगीत गुंगी मिळते आणि रात्री लघवीला उठताना भोवळ येते. आपण ॲम्लोडिपिन घेता. मद्यानेही रक्तवाहिन्या सैलावतात आणि अंधारात एकदम उठून उभे राहिल्यावर रक्तदाब खाली घसरू शकतो. या वयात न्हाणीघरात पडून मनगट मोडणे किंवा डोक्याला मार लागणे ही किरकोळ बाब नव्हे. जे रक्त पातळ ठेवण्यासाठी वॉरफरिन घेतात, त्यांनी मेलाटोनिन डॉक्टरांना विचारल्याशिवाय सुरूच करू नये, कारण त्यामुळे रक्तस्रावाचा धोका वाढू शकतो. फ्लुवोक्झामिन हे मनोविकारांवरील औषध घेणाऱ्यांच्या रक्तात मेलाटोनिन कित्येक पटींनी वाढते. नेमके उलटे धूम्रपान करणाऱ्यांत होते, त्यांचे यकृत मेलाटोनिन लवकर संपवते. पेगबरोबर सिगारेट ओढणाऱ्याला गमीचा गुण येत नाही, तो मात्रा वाढवतो आणि परिणामांचा अंदाज आणखीच अवघड होऊन बसतो.

डबीवर छापलेल्या आकड्यावर किती विश्वास ठेवावा, हाही प्रश्न आहे. अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या 25 मेलाटोनिन गमी तपासून 2023 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात 22 उत्पादनांची मात्रा लेबलशी जुळली नाही. प्रत्यक्ष प्रमाण छापील आकड्याच्या 74 टक्क्यांपासून 347 टक्क्यांपर्यंत होते. कॅनडात त्याआधी 2017 मध्ये 31 उत्पादने तपासली गेली, त्यांपैकी आठांमध्ये सेरोटोनिन आढळले, ज्याचा लेबलवर उल्लेखच नव्हता. नैराश्यावरील गोळ्या घेणाऱ्याच्या दृष्टीने हे गंभीर आहे. रुग्णांनी आणलेल्या डब्या मी नेहमी उलट्या करून वाचतो. पुढच्या बाजूला चंद्र-चांदण्या आणि «नैसर्गिक» हा शब्द ठळक असतो; मागे बारीक अक्षरांत मेलाटोनिन, अश्वगंधा, तगर, एल-थिॲनाइन, जीवनसत्त्व ब-6 अशी पाच-सहा द्रव्ये एकाच गोळीत दाटलेली असतात, आणि मात्रा बहुधा एका गमीची नसून दोन गमींची लिहिलेली असते. मद्याशी कोणत्या घटकाचे काय होईल, हा प्रश्न म्हणून एका औषधाचा राहत नाही.

आपल्या गमीतील अश्वगंधेबद्दल थोडे विस्ताराने लिहिणे मला आवश्यक वाटते, कारण तिच्याविषयी आपल्या समाजात एक सरसकट निर्धास्तपणा आहे. अश्वगंधेचे चूर्ण दुधातून घेण्याची परंपरा जुनी आहे, आणि वैद्याच्या देखरेखीखाली योग्य माणसाला ते दिले जाते याबद्दल माझा आक्षेप नाही. मात्र गमीत किंवा कॅप्सूलमध्ये असतो तो अर्क असतो, ज्यात विथॅनोलाइड्स हे क्रियाशील घटक सांद्र केलेले असतात. गेल्या काही वर्षांत अशा उत्पादनांमुळे यकृताला सूज आल्याच्या नोंदी आइसलँड, अमेरिका आणि भारतातूनही प्रसिद्ध झाल्या. भारतीय नोंदींमध्ये सर्वांत वाईट गत झाली ती ज्यांचे यकृत आधीच खराब होते त्यांची. डेन्मार्कने 2023 मध्ये अश्वगंधेवर बंदीच घातली. ती कितपत योग्य यावर मतभेद आहेत, पण रोज 40 ग्रॅम मद्यार्क हाताळणाऱ्या आणि मधुमेहामुळे बहुधा चरबी साठलेल्या यकृतावर हा भार वर्षभर टाकत राहणे शहाणपणाचे नाही, याबद्दल मतभेद होण्याचे कारण नाही. बहुतेकांना काहीच होत नाही हे खरे. परंतु ज्याला होते त्याला अंगाला खाज, गडद पिवळी लघवी, अन्नावरची वासना उडणे अशी लक्षणे आठवड्यांनंतर दिसतात आणि तो त्याचा दोष मद्याला, पित्ताला किंवा बाहेरच्या जेवणाला देतो. थायरॉइडची गोळी घेणाऱ्यांनीही अश्वगंधा आपल्या डॉक्टरांना सांगितल्याशिवाय घेऊ नये. ती थायरॉइड संप्रेरकांची पातळी वाढवू शकते.

याच संदर्भात अरिष्टांचा उल्लेख करतो. अश्वगंधारिष्टासारख्या औषधांत आंबवण्याच्या प्रक्रियेतून तयार झालेला मद्यार्क साधारण पाच ते दहा टक्क्यांपर्यंत असतो. दोन-चार चमचे घेणाऱ्या सर्वसाधारण माणसाला त्याने काही होत नाही. पण दारू सोडण्यासाठी ज्यांना डायसल्फिराम ही गोळी चालू आहे, त्यांना तेवढ्यानेही चेहरा लाल होणे, छातीत धडधड, उलट्या आणि रक्तदाब घसरणे असा त्रास होऊ शकतो. मद्यार्क असलेल्या खोकल्याच्या औषधांनाही हेच लागू आहे. घरातला माणूस अशा उपचारावर असेल, तर «आयुर्वेदिकच आहे» म्हणून त्याला झोपेसाठी अरिष्ट देऊ नये.

तगर म्हणजे भारतीय व्हॅलेरियन. तिची गुंगी मद्याच्या गुंगीत भर घालते. कावा हे पॅसिफिक बेटांवरचे मूळ, परदेशातील दुकानांत झोपेच्या मिश्रणांत मिळते आणि मद्यासोबत यकृताला विशेष घातक आहे, ते टाळावेच. मॅग्नेशियम मद्याबरोबर धोकादायक नाही, आणि नियमित मद्यपानाने ते लघवीतून वाहून जाते हेही खरे. मूत्रपिंड कमकुवत असलेल्यांनी मात्र ते परस्पर घेऊ नये. दुधातून चिमूटभर जायफळ घेण्यास हरकत नाही. ते चमच्याने खाण्याचे प्रयोग काही जण करतात, त्यातून मळमळ, छातीत धडधड आणि भास होण्यापर्यंत विषबाधा होते.

यापेक्षा कितीतरी अधिक काळजी मला सर्दी-ॲलर्जीच्या गोळ्यांची वाटते. फेनिरामिन, क्लोरफेनिरामिन, डायफेनहायड्रामिन ही औषधे आपल्याकडे «साधी गोळी» म्हणून झोपेसाठी सर्रास घेतली जातात. अमेरिकेत मुलांकडे राहायला गेलेले आईवडील तिथल्या दुकानातून «पीएम» असे लिहिलेली वेदनाशामक गोळी आणतात. तिच्यात पॅरासिटामॉल आणि डायफेनहायड्रामिन एकत्र असते. यांपैकी कोणतीही गोळी मद्यावर घेतली, तर गुंगी अनेक पटींनी गडद होते, दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत डोके जड राहते, आणि वयस्कर माणूस रात्री उठून आपण कुठे आहोत हेच विसरतो. प्रोस्टेट वाढलेल्या पुरुषांची लघवी तुंबते. एका सेवानिवृत्त गृहस्थांना पहाटे पाचला अशाच अवस्थेत माझ्याकडे आणले होते: पोट बेंबीपर्यंत फुगलेले, वेदनेने पाय आखडलेले, आणि बोलणे असंबद्ध. नळी घालून लघवी काढल्यावर तासाभरात ते माणसांत आले. रात्रीचा एक पेग आणि नाक चोंदले म्हणून घेतलेली ॲलर्जीची गोळी, एवढेच कारण होते.

आता अल्प्राझोलामबद्दल. अल्प्राझोलाम, डायझेपाम, झोल्पिडेम ही औषधे मद्याप्रमाणेच गाबाच्या मार्गाने मेंदूला शांत करतात, आणि दोन्ही एकत्र आली की परिणाम नुसता दुप्पट होऊन थांबत नाही. झोपेत श्वास चालू ठेवणारी केंद्रे मंदावतात. उलटी झाली तर ती बाहेर टाकण्याइतकी शुद्ध राहत नाही आणि ती श्वासनलिकेत जाते. रुग्णालयात बेन्झोडायझेपिनचा, म्हणजे अल्प्राझोलाम-डायझेपामच्या गटातील औषधांचा, परिणाम उतरवणारे फ्लुमॅझेनिल उपलब्ध असते, परंतु ते मद्याचा परिणाम उतरवू शकत नाही. झोल्पिडेमबाबत अमेरिकेच्या औषध प्रशासनाने 2019 मध्ये सर्वांत कडक स्वरूपाचा इशारा दिला, कारण ती घेतल्यावर अर्धवट झोपेत चालणे, स्वयंपाक करणे, गाडी चालवणे असे प्रकार घडून काही मृत्यूही झाले होते. मद्याने ही शक्यता वाढते. भारतात ही तिन्ही औषधे शेड्यूल एच-1 मध्ये आहेत. म्हणजे चिठ्ठीशिवाय ती विकता येत नाहीत आणि विक्रेत्याला त्यांची वेगळी नोंदवही तीन वर्षे जपावी लागते. मित्राच्या पाकिटातून आलेली अर्धी गोळी ही सगळी व्यवस्था ओलांडून येते.

घरात कुणी मद्य आणि अशी गोळी एकत्र घेतल्याचे कळले, हाक मारून किंवा हलवून तो जागा होत नसेल, श्वास मिनिटाला दहापेक्षा कमी पडत असेल, घशातून घरघर येत असेल किंवा ओठ निळसर दिसत असतील, तर «झोपू दे, सकाळी उतरेल» असे म्हणून दार लावून घेऊ नये. त्याला डाव्या कुशीवर वळवावे, तोंडात काही घालू नये, उलटी करवण्याचा प्रयत्न करू नये, 108 वर रुग्णवाहिका बोलवावी आणि ती येईपर्यंत शेजारी बसावे. गोळ्यांचे पाकीट सोबत न्यावे.

आपल्या पत्राकडे परत येतो, कारण त्यातील दोन गोष्टी मला गमीपेक्षा महत्त्वाच्या वाटतात. पहिली म्हणजे घाम. मद्य उतरताना घाम येतो हे खरे आहे; पण मद्य यकृताची नवी साखर तयार करण्याची क्रिया दाबते, आणि आपण ग्लिमेपिराइडही घेता, जी साखर खाली आणते. उपाशीपोटी पेग, सोबत शेंगदाणे नाहीतर चिकन आणि जेवण उशिरा व थोडे, अशा रात्री साखर पहाटे धोकादायक पातळीपर्यंत उतरू शकते. तिची लक्षणे घाम, थरथर, धडधड, गोंधळ अशी असतात, म्हणजे मद्याच्या लक्षणांसारखीच, आणि वरून गमीची गुंगी असल्यामुळे जाग न येण्याचीही भीती असते. म्हणून आज रात्रीपासून ग्लुकोमीटर उशाशी ठेवावे. घाम येऊन जाग आली की लगेच साखर तपासावी. 70 पेक्षा कमी आढळल्यास तीन-चार चमचे साखर पाण्यातून घ्यावी, पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासावी, त्यावर पोळी किंवा दूध-बिस्किटासारखे काही खावे आणि दुसऱ्याच दिवशी डॉक्टरांना भेटून ग्लिमेपिराइडची मात्रा बदलून घ्यावी.

दुसरी गोष्ट घोरण्याची. मद्याने घशाचे स्नायू सैल पडतात, झोपेत श्वासमार्ग मिटतो आणि श्वास थांबण्याचे प्रकार वाढतात. माझी विनंती असते की पत्नीने दोन रात्री मोबाइलवर ध्वनिमुद्रण करावे: एक मद्य घेतलेल्या रात्रीचे आणि एक न घेतलेल्या. अशी मुद्रणे मी तपासणीच्या खोलीत रुग्णासोबत ऐकतो. आधी चढत जाणारे घोरणे, मग एकदम शांतता, ती शांतता दहा, पंधरा, कधी वीस सेकंदांपर्यंत लांबते, आणि मग गुदमरल्यासारखा मोठा हुंकार. आपल्याला रात्री असे होते हे रुग्ण तिथे पहिल्यांदा ऐकतो, आणि मग स्लीप स्टडीसाठी, म्हणजे रात्रभराच्या झोपेच्या तपासणीसाठी, त्याची समजूत घालावी लागत नाही. रक्तदाब, मधुमेह, वाढते घोरणे आणि 52 वय असताना ही तपासणी आपण करून घ्यावीच. स्लीप ॲप्निया, म्हणजे झोपेत श्वास थांबण्याचा विकार असेल, तर गुंगी आणणारे कोणतेही औषध त्यात भरच घालेल.

आता काय करावे. गमी आजच बंद करावी. मेलाटोनिन एकदम थांबवल्याने अपाय होत नाही. मद्याच्या बाबतीत मात्र आधी एक गोष्ट प्रामाणिकपणे पाहावी. सकाळी हात थरथरणे, पेग न मिळाल्यास अस्वस्थता व घाम, पूर्वी कधी दारू सोडताना आकडी किंवा भास झालेले असणे, किंवा दोन पेगचा आकडा प्रत्यक्षात चार असणे, यांपैकी काहीही लागू असेल तर मद्य स्वतःच्या मनाने एकाएकी बंद करू नये. अशा माणसाला पहिल्या सहा ते 48 तासांत आकडी येऊ शकते आणि दोन-चार दिवसांत गंभीर भ्रमावस्था. त्याने वैद्यकीय देखरेखीखालीच थांबवावे. यासाठी मानसोपचारतज्ज्ञ आहेत. अनिल आणि अनिता अवचट यांनी 1986 मध्ये पुण्यात सुरू केलेले मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र आहे. आणि टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य सेवेच्या 14416 या क्रमांकावर मराठीतूनही बोलता येते. तिथे जाण्यात कमीपणा काही नाही. मी स्वतः अनेकांना तिथे पाठवले आहे आणि माणसे बदलून परतलेली पाहिली आहेत.

वरीलपैकी काहीच लागू नसेल, तर पहिल्या आठवड्यात दोनाचा एक पेग करावा, तो जेवणासोबत आणि आठच्या आत संपवावा. पुढचे तीन आठवडे पूर्ण बंद. सुरुवातीच्या काही रात्री वाईट जातील, हे आधीच सांगून ठेवतो: झोप लागायला वेळ लागेल आणि दबलेली स्वप्ने भडक होऊन पडतील. याच टप्प्यावर बहुतेक जण «दारूशिवाय मला झोपच येत नाही» असा निष्कर्ष काढून परत वळतात. प्रत्यक्षात मेंदू आपली घडी पुन्हा बसवत असतो, आणि बहुतेकांची रात्रीच्या उत्तरार्धातली जाग दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात कमी होते. या काळात सकाळी उठण्याची वेळ रोज एकच ठेवावी, रविवारीसुद्धा. उठल्यावर अर्धा तास उजेडात चालावे. दुपारी झोपू नये. आणि रात्री जाग येऊन वीसेक मिनिटांत झोप लागली नाही, तर पलंग सोडून मंद दिव्यात खुर्चीत बसावे, डोळे जड झाले की परत यावे. हा निद्रानाशावरील वर्तनोपचाराचा गाभा आहे. अमेरिकन कॉलेज ऑफ फिजिशियन्सने 2016 मध्ये दीर्घकालीन निद्रानाशासाठी गोळ्यांच्या आधी हाच उपचार द्यावा असे सांगितले. यकृताच्या चाचण्या आणि एचबीए1सी (गेल्या तीनेक महिन्यांची सरासरी साखर दाखवणारी चाचणी) या तीन आठवड्यांतच करून घ्यावे.

तीन आठवडे मद्याशिवाय गेल्यावर, साखर आणि श्वास यांचा प्रश्न मिटल्यावरही झोप तुटतच राहिली, तर आपल्या डॉक्टरांशी मेलाटोनिनबद्दल नव्याने बोलता येईल. तेव्हा ते एकाच घटकाचे असावे, त्यात अश्वगंधा, तगर किंवा इतर काही मिसळलेले नसावे. सावकाश विरघळणारे 2 मिलिग्रॅम, झोपण्याच्या एक-दोन तास आधी, जेवणानंतर, ठरावीक वेळी आणि काही आठवड्यांपुरतेच घ्यावे. गुण आला नाही तर मात्रा न वाढवता थांबवावे. पुढे कधी लग्नकार्यात किंवा मित्रांसोबत मद्य घेतलेच, तर त्या रात्री ती गोळी घेऊ नये. एका रात्रीच्या खंडाने काहीही बिघडत नाही.